पडद्यावर नुसत्या रेघा: घरच्या हवामान केंद्राचा सिग्नल कोकणच्या पावसात टिकवायचा कसा

दोन वर्षांपूर्वीची जुलैतली सकाळ. पागोळ्या दोरीसारख्या लागलेल्या, खळ्यात घोटाभर पाणी, आणि माजघरातल्या डिस्प्लेवर गेल्या तीन तासांचा पाऊस ०.० मिलिमीटर. तापमान २६.८. पहाटे उठलो तेव्हाही २६.८ च होतं. शेजारचे काका रोज सकाळी पावसाचा आकडा विचारायला येतात. ते ओटीवरूनच डोकावले आणि म्हणाले, "तुजा यंत्र झोपला काय रे?" काकांचा चहा संपेपर्यंत तो २६.८ पण गेला आणि त्याच्या जागी नुसत्या रेघा आल्या.

मी बॅटऱ्या बदलल्या. मग लांब अँटेना मागवला. मग नवा सेन्सर, म्हणजे बाहेर बसून पाऊस-वारा-तापमान मोजणारा आणि आकडे बिनतारी आत पाठवणारा भाग. तिन्ही खर्च पाण्यात गेले. सेन्सर आगरात, घराच्या पश्चिमेला होता. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पश्चिमेची झड आत येऊ नये म्हणून मीच माझ्या हाताने पडवीला पत्रे ठोकले होते. पत्र्यांनी झड अडवली, सिग्नलही अडवला. हे कळायला मला सव्वा महिना लागला.

देवगडच्या बाजूला आता बरेच बागायतदार आणि हौशी लोक असे संच घेतात, आणि बहुतेक जण ते मे महिन्यात, कलमांची कामं आटोपल्यावर लावतात. रेडिओलहरींच्या हिशेबाने मे महिन्यातलं घर आणि जुलैतलं घर ही दोन वेगळी घरं आहेत. खालच्या पायऱ्या त्या दुसऱ्या घरासाठी आहेत.

आधी जमवून ठेवा

- खरेदीचं बिल आणि वॉरंटी कार्ड. बिलावरची शाई दमट हवेत उडते, आजच फोटो काढून ठेवा.
- माहितीपुस्तिका, आणि सेन्सरच्या मागच्या लेबलचा फोटो. एकदा खांबावर चढला की ते लेबल वाचता येत नाही.
- चांगल्या अल्कलाइन किंवा लिथियम बॅटऱ्या, आणि साधा मल्टिमीटर.
- पेट्रोलियम जेली, जुना टूथब्रश, थोडं व्हिनेगर, प्लास्टिकच्या पट्ट्या.
- सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर असेल तर तो. पुढे उपयोगी पडेल.
- वही. मोबाइलमध्ये नोंदी करीन म्हणाल तर करणार नाही.

१. बिघाड कुठल्या टप्प्यात आहे ते ओळखा

घरच्या हवामान केंद्रात दोन बिनतारी टप्पे असतात आणि लोक ते एकच समजतात. पहिला टप्पा बाहेरच्या सेन्सरपासून घरातल्या डिस्प्लेपर्यंत. दुसरा डिस्प्लेपासून वायफायच्या राउटरपर्यंत. दोन्हींची फ्रिक्वेन्सी वेगळी, आजार वेगळे.

डिस्प्लेवर आकडे हलतायत पण मोबाइलच्या ॲपमध्ये जुनेच दिसतायत, तर सेन्सरला हात लावू नका, राउटर बघा. यातले बरेच संच फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात. नव्या राउटरवर ५ गिगाहर्ट्झचं तेवढं चालू ठेवलं तर संच बिचारा शोधत बसतो. उलट डिस्प्लेवरच रेघा असतील तर दोष पहिल्या टप्प्यात आहे, आणि हा लेख त्याबद्दल आहे.

एक फसवी अवस्था मात्र ध्यानात ठेवा. सिग्नल तुटला की लगेच रेघा येत नाहीत. सेन्सर दर काही सेकंदांनी एक छोटासा निरोप सोडतो, पुष्कळ संचांत दर १६ सेकंदांनी. तो मिळाला नाही तर डिस्प्ले बराच वेळ शेवटचाच आकडा दाखवत राहतो. माझं २६.८ ते हेच. तापमान दशांशानेही हलत नसेल तर संशय घ्या. कोकणात कितीही कोंदट दिवस असला तरी पारा तीन तास एका जागी खिळून राहत नाही.

२. खरेदीच्या आधी एक आकडा बघा

४३३, ८६८ किंवा ९१५. हे मेगाहर्ट्झ आहेत, म्हणजे सेन्सर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो तो आकडा, आणि लेबलवर लिहिलेले असतात. युरोपात विकले जाणारे संच बहुधा ८६८ चे, अमेरिकेतले ९१५ चे, आणि ४३३ चे बऱ्याच ठिकाणी मिळतात. सेन्सर आणि डिस्प्ले यांचा आकडा एकच लागतो. तो नंतर सेटिंगमध्ये जाऊन बदलता येत नाही, कारण आतला भागच त्या आकड्यासाठी बनवलेला असतो.

माझा भाचा अमेरिकेहून येताना मोठ्या प्रेमाने जमिनीतल्या ओलाव्याचा सेन्सर घेऊन आला. ९१५ चा. माझा संच ८६८ चा. तो सेन्सर अजून कपाटात आहे, आणि भाच्याला मी अजून सांगितलेलं नाही.

भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याशिवाय खुला आहे. ९१५ तसा नाही. शिवाय ९०० च्या पट्ट्यात आपल्या मोबाइलकडून टॉवरकडे जाणारे सिग्नल ८९० ते ९१५ च्या दरम्यान असतात, म्हणजे ९१५ चा सेन्सर त्या गर्दीच्या अगदी कडेला उभा. तेव्हा अमेरिकेचं मॉडेल स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. विक्रेत्याकडे ईटीए, म्हणजे दूरसंचार खात्याची उपकरण-मंजुरी, आहे का ते विचारा आणि त्याची प्रत बिलासोबत ठेवा.

खोक्यावरच्या "१०० मीटर" वर जाऊ नका. तो आकडा मोकळ्या मैदानातला असतो, मध्ये काहीही नसताना. माझ्याकडे चिऱ्याच्या दोन भिंती आणि चार-पाच माड मध्ये आले की तो २५ ते ३० मीटरवर उतरतो.

३. ओळख टेबलावर करून द्या

खांबावर चढवून मग बॅटऱ्या घालायच्या, ही घाई सगळेच करतात. दोन्ही भाग घरात टेबलावर ठेवा, तीन-चार मीटर अंतराने. अगदी खेटून ठेवले तर काही संचांचा रिसीव्हर जवळच्या जोरदार सिग्नलने गोंधळतो. कुठल्या भागात बॅटरी आधी घालायची ते पुस्तिकेत असतं आणि तो क्रम पाळावा लागतो. सुरू झाल्यावर डिस्प्ले काही मिनिटंच नव्या सेन्सरची वाट बघतो, नंतर कान मिटतो.

ओळख पटली की दोन दिवस तसंच चालू द्या. या दोन दिवसांत रेघा आल्या तर माल सदोष आहे. बिल हातात आहे, परत करा. खांबावर चढवल्यानंतर हाच दोष जागेचा की मालाचा हे कधीच नक्की सांगता येत नाही, आणि दुकानदारही तेच म्हणतो.

४. जागा शोधा

सगळा खेळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेतही पोचणारी शक्ती पावपट उरते. पण कोकणातल्या घरात अंतरापेक्षा मध्ये काय आहे ते जास्त भोवतं. सुकी मंगलोरी कौलं सिग्नलला फारशी आडवी येत नाहीत. चिऱ्याची भिंत येते, आणि जांभा सच्छिद्र असल्याने पाणी पिऊन बसतो, त्यामुळे ओली भिंत जास्त येते. स्लॅबमधल्या सळ्यांची जाळी त्याहून वाईट. स्लॅबवर गळतीसाठी टाकलेला पत्रा म्हणजे सरळ दरवाजा बंद. खिडकीला डासांची जाळी असेल तर तिला नख लावून बघा. नायलॉनची असेल तर काही नाही, धातूची असेल तर ती खिडकी सिग्नलपुरती भिंतच समजा.

भिंत कशी ओलांडली जाते तेही बघा. नऊ इंचांची भिंत समोरून गेलात तर नऊ इंच. तिरपे गेलात तर तीच भिंत दीड-दोन फुटांची होते. वहीच्या पानावर घराचा नकाशा काढा, सेन्सर आणि डिस्प्ले यांच्यात पट्टीने रेघ मारा आणि ती किती भिंती, किती तिरप्या कापते ते मोजा. माझ्या नकाशात रेघ चूल, गॅसची टाकी आणि लोखंडी कपाट अशी सगळ्यांना भेटी देत जात होती. डिस्प्ले माजघरातून ओटीलगतच्या खोलीत आणला तेव्हा मधल्या तीन भिंतींची एक झाली.

आता डिस्प्ले नेमका कुठे ठेवायचा. फ्रिजवर नाही. आमच्याकडे काकीने तो "हंयसर बरो दिसता" म्हणून फ्रिजवर ठेवला होता आणि मी आठवडाभर आगरात खांब हलवत बसलो होतो. टीव्हीमागे नाही, राउटरला चिकटून नाही, इन्व्हर्टरच्या वर तर नाहीच. आणि नुसती खोली बदलून थांबू नका, वीतभर सरकवूनही बघा. लहरी भिंतींवर आपटून परततात आणि सरळ आलेल्या लहरींना काही ठिकाणी मारतात. ८६८ ची लहर साधारण ३५ सेंटिमीटर लांब, त्यामुळे तिची मेलेली जागा आणि जिवंत जागा यांत वीतभराचाही फरक नसतो. ४३३ ची लहर दुप्पट लांब, तिथे हातभर सरकवावं लागतं. हे ऐकायला अंगाऱ्या-धुपाऱ्यासारखं वाटतं, पण करून बघा.

सेन्सर अगदी डिस्प्लेच्या डोक्यावर, म्हणजे छपरावर सरळ वर बसवणं ही दुसरी चूक. वरून जवळ वाटतो खरा. पण उभा अँटेना आडव्या दिशेला चारही बाजूंना जोरात बोलतो, आणि आपल्या टोकाच्या दिशेला, म्हणजे बरोबर वर आणि बरोबर खाली, जवळजवळ मुका असतो. थोडा बाजूला बसवलात तर अंतर वाढूनही सिग्नल सुधारतो. त्याच कारणाने दोन्हीकडचे अँटेने उभे ठेवा. एक उभा आणि एक आडवा असला की शक्ती उगाच वाया जाते.

मोकळी नजर म्हणजे दोरीएवढी फट नव्हे, हेही सांगायला हवं. सेन्सर ५० मीटरवर असेल तर ८६८ साठी मधल्या भागात त्या सरळ रेषेच्या भोवती साधारण दोन मीटर जागा मोकळी लागते. दोन माडांच्या मधून सेन्सर दिसतो म्हणून खूश होऊ नका.

आणि शेवटी, सिग्नलसाठी मोजमाप बिघडवू नका. पडवीच्या वळचणीला लावलेला सेन्सर सिग्नल झकास देतो, पण त्याच्या पर्जन्यमापकात पाऊस पडत नाही, पागोळ्या पडतात. हवामान खात्याच्या रीतीने वारा १० मीटर उंचीवर मोजतात आणि तापमान साधारण माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर. एकाच खांबावर सगळं बसवणाऱ्या आपल्यासारख्यांना तडजोड करावीच लागते. मी पावसाच्या बाजूने केली: आगरातली मोकळी जागा, खांब अडीच मीटर. वाऱ्याचा आकडा माझ्याकडे कमीच येतो, आणि ते मला ठाऊक आहे.

५. एक भिंत जास्त: पावसाळ्याची चाचणी मे महिन्यातच घ्या

डिस्प्लेवरच्या चार काड्या बघून समाधान मानू नका. काही संचांत त्या काड्यांचा अर्थ सिग्नल जोरदार आहे असा नसतोच. शेवटचे चार निरोप ओळीने मिळाले, इतकंच त्या सांगतात. अगदी काठावरचा सिग्नलही चार काड्या दाखवतो, आणि पुढच्या ओल्या रात्री कोसळतो. तुमच्या संचात डेसिबलचा उणे आकडा दिसत असेल तर तो बघा. उणे ६० च्या आसपास म्हणजे चैन, उणे १०० च्या आसपास म्हणजे शेवटचा श्वास.

आकडा दिसत नसेल तर माझी पद्धत अशी. डिस्प्लेची जागा ठरली की तो उचलून सेन्सरपासून आणखी एक भिंत लांब न्या, मागच्या खोलीत किंवा न्हाणीघराजवळ. तासभर ठेवा. तिथेही आकडे हलत राहिले तर तुमच्याकडे एका भिंतीएवढी शिल्लक आहे. आता परत आणून मूळ जागी ठेवा आणि ती शिल्लक पावसाला खर्चू द्या. तिथे रेघा आल्या तर मूळ जागा काठावर आहे. जूनची वाट न बघता दुसरी शोधा.

खर्च होतो तो पडणाऱ्या थेंबांमुळे नाही. या फ्रिक्वेन्सीला पावसाच्या सरी जवळजवळ दिसतच नाहीत. पावसाने सिग्नल जातो तो १० गिगाहर्ट्झच्या वरचा, जसा छत्रीवाल्या टीव्हीचा. आपला सिग्नल खातात त्या ओल्या भिंती, पाणी धरलेली पानं आणि आपण पावसाळ्यासाठी केलेल्या तयाऱ्या. मे महिन्यात उघडं असलेलं कुंपण जुलैत वेलींनी भरतं. काकडी-पडवळाचा मांडव रेघेत येतो, केळीची पानं दोन महिन्यांत छपराला लागतात. पडवीला पत्रे लागतात. पत्र्यांच्या जागी झावळ्यांची झापं बांधलीत तर सिग्नलला पुष्कळ बरं. मी आता पश्चिमेच्या बाजूला एका गाळ्यापुरती झापंच बांधतो आणि बाकीला पत्रे.

६. बॅटरी आणि खार

रेघा आल्या की लोक आधी बॅटरीवर जातात. मी ती सहाव्या क्रमांकावर ठेवली आहे, कारण जागा चुकली असेल तर नव्या बॅटऱ्याही पंधरा दिवसच फसवतात.

मोजताना एक गोष्ट: नुसती बाहेर काढून मोजलेली बॅटरी १.४ व्होल्ट दाखवेल आणि तरी निकामी असेल. सेन्सर निरोप सोडतो त्या क्षणाला जास्त वीज ओढतो, आणि दमलेली बॅटरी नेमकी तेव्हा बसते. चार्ज होणाऱ्या साध्या बॅटऱ्या १.२ व्होल्टच्या असतात, बरेच सेन्सर त्यांवर नीट चालत नाहीत. सौर पट्टी असलेला संच असेल तर जुलैत आठ-आठ दिवस ऊन नसतं हे धरून चाला आणि आधाराची बॅटरी मे अखेरीला नवी घाला.

खाऱ्या हवेने बॅटरीच्या पत्र्यांवर हिरवट भुकटी धरते. किनाऱ्यालगत वर्षातून दोनदा तरी कप्पा उघडा. अल्कलाइन बॅटरी फुटून पांढरा थर आला असेल तर व्हिनेगरात बुडवलेल्या टूथब्रशने घासा, साध्या पाण्याने पुसा, पूर्ण सुकवा आणि पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवा. झाकणाचं रबर दुमडलेलं नाही ना ते बोट फिरवून बघा. माझ्या सेन्सरच्या कप्प्यात एकदा मुंग्यांनी अंड्यांसकट बिऱ्हाड केलं होतं.

७. घरातले बोलके

रिमोटची बेल, गेटचा रिमोट, गाडीची चावी, यातली बरीच ४३३ वर बोलतात. तुमचा संचही ४३३ चा असेल तर टक्कर होते, पण ती क्षणाची असते. खरा त्रास अखंड गुणगुणणाऱ्या वस्तूंचा: स्वस्त एलईडी बल्ब, हलके चार्जर, जुना इन्व्हर्टर. सिग्नल फक्त रात्री किंवा फक्त वीज गेल्यावर जात असेल तर वहीत वेळा लिहा. ट्रान्झिस्टर एएमवर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि संशयित वस्तूजवळ न्या. खरखर वाढली तर ती वस्तू गोंगाट करते एवढं कळतं. तो गोंगाट ८६८ पर्यंत पोचतोच असं नाही, म्हणून ती वस्तू बंद करून डिस्प्ले अर्धा तास बघा आणि मगच दोष द्या.

८. एवढं करूनही नाही आलं तर

दोन वाटा आहेत.

बाग सड्यावर आणि घर खाली वाडीत, असं असेल तर सिग्नल खाली आणायचा हट्ट सोडा. मध्ये डोंगराचा खांदा आला की कुठलाच अँटेना कामाचा नाही. त्यापेक्षा डिस्प्ले वरच, बागेतल्या मांगरात ठेवा आणि तिथे सिमकार्डवर चालणारा छोटा राउटर लावा. आकडे इंटरनेटवरून घरी येतात. वर मोबाइलची रेंज आहे का ते आधी पावसात जाऊन बघा.

संगणकाची आवड असेल तर आरटीएल-एसडीआर नावाचा पेनड्राइव्हएवढा रिसीव्हर घ्या आणि आरटीएल_४३३ हा मोफत प्रोग्राम टाका. नावात ४३३ असलं तरी सांगितलं तर तो ८६८ वरही ऐकतो. पुष्कळ सेन्सरांचे निरोप तो उलगडून दाखवतो: ओळख क्रमांक, तापमान, पावसाची मोजणी, बॅटरीची स्थिती. लॅपटॉप घेऊन घरभर फिरलात की कुठल्या खोलीत किती निरोप येतात ते दिसतं. माझ्या पडवीच्या पत्र्यांचा गुन्हा यानेच उघडा पाडला. पत्र्याच्या या बाजूला पाच मिनिटांत दोन निरोप, पडवीबाहेर खळ्यात अठरा.

सिग्नल काही तास गेला तर काय हातचं जातं, हे नव्याने सुरू करणाऱ्यांना माहीत नसतं आणि ते उगाच हळहळतात. बहुतेक सेन्सर पावसाची चढती बेरीज पाठवतात, म्हणून पुढचा एक निरोप मिळाला की मधला पाऊस एकदम जमा होतो. सकाळी साडेआठ ते साडेआठ असा हवामान खात्यासारखा दिवस धरणाऱ्यांचा हिशेब सहसा बिघडत नाही. मात्र त्या एका निरोपाच्या वेळी "ताशी पाऊस" भलताच मोठा दिसतो, तो आकडा कुणाला सांगू नका. वाऱ्याच्या झोताचं तसं नाही. तो त्या सेकंदाचा असतो, निरोप हुकला की गेला. वादळाच्या रात्री नेमकी वीज जाते, म्हणून डिस्प्लेमध्ये त्याच्या स्वतःच्या बॅटऱ्याही घालून ठेवा. नुसत्या अडॅप्टरवर चालणारा संच असेल तर मोबाइलची पॉवर बँक त्याच्या व्होल्टेजला चालते का ते पुस्तिकेत बघा, आणि चालत असेल तर केबल डिस्प्लेच्या मागेच बांधून ठेवा. अंधारात ती सापडत नाही.